विहिणीला न पोचलेल्या शिव्या

"माझ्या शिव्या तिला पोचत न्हाईत!" असं म्हणून तानूआक्का मगदूम यांनी हातातली वाचनपाटी टेबलावर अशी आपटली, की भाषांतर प्रयोगशाळेच्या कपाटातली सन्मानचिन्हं थरथरली.

प्रमुख संशोधक डॉ. निवेदिता परचुरे यांनी चाळीस देशांतल्या तक्रारी ऐकल्या होत्या. ही नवी होती.

"कुणाला पोचत नाहीत, आक्का?"

"माझ्या विहिणीला. इर्मगार्डला. माझी वैजू तिच्या घरात दिलीय, जर्मनीला."

कागलजवळचं गुऱ्हाळ आक्कांनी तीस वर्षं एकटीच्या तोंडावर चालवलं होतं. विहिणीचं बोलणं विहिणीनंच ऐकायचं, पोरीला मध्ये घालायचं नाही, हा त्यांचा कायदा. म्हणून चार वर्षं पाटीवरून पत्रं चालली होती. विहीण जर्मनमध्ये लिहायची, इथली पाटी मराठीत दाखवायची. आक्का मराठीत बोलायच्या, तिथली पाटी जर्मनमध्ये दाखवायची. आणि ती बाई लिहायची तरी काय! तुमच्या गुळाला वास येतो. तुमच्या मुलीला हाताला वळण नाही. परवा तर कहर झाला. वैजूचं पहिलं बाळंतपण इथं जर्मनीतच होईल, तुमच्या धुराड्यात आम्ही तिला पाठवणार नाही.

पहिलटकरीण माहेरी येणार नाही? फोनवर वैजू म्हणत होती, "आई, मी येणारच आहे गं. सासूबाई फार चांगल्या आहेत." आक्कांनी ते कानाआड केलं. सासुरवाशीण सासूला चांगली म्हणते, तेव्हा सासू शेजारीच उभी असते. एवढं कळायला शाळा लागत नाही.

"मग मी बी सोडलं न्हाई," आक्का म्हणाल्या. "तिच्या सात पिढ्या उद्धारल्या. तर काल पोरगी हसत सांगतीया, 'आई, तुझं पत्र सासूबाईंनी चौकटीत घालून भिंतीवर लावलंय.' शिव्यांचं पत्र! भिंतीवर!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "दुसरीकडे कुठं तपासलंत का?"

"तिची पत्रं इंटरनेटवर तीन ठिकाणी घालून बघितली, ह्याच पाटीवर. तिन्हीकडं तेच."

"तिन्ही दुकानं आमच्याच गिरणीचं पीठ विकतात, आक्का. आणि तुमची पाटी दिसली की तुम्हाला ओळखतात."

"ओळखतात म्हंजे?"

"भाषांतर बरोबर की चूक, हे यंत्राला कोण सांगणार? म्हणून आम्ही त्याला वाचकाकडे बघायला शिकवलं. पाटी तुमचे डोळे, नाडी, चेहरा बघते. मजकुरात वाचक किती रंगला, त्या मापाला आम्ही वाचकतोष म्हणतो. तोष वाढला की यंत्र समजतं, भाषांतर जमलं. पुढच्या वेळी त्याच वळणावर जातं. तुमच्या विहीणबाईंना गोड वाचायला आवडत असणार. म्हणून तुमच्या शिव्यांचं तिकडे गोड झालं."

"म्हंजे माझ्या तोंडचं बदलून तुम्ही तिला भरवलं? कुणाला इचारून?" आक्कांचा आवाज चढला. "पाकीट फोडणाऱ्या पोस्टमनला बी तुरुंगात घालत्यात, बाई! सरळ कर समदं. पहिल्या पत्रापासनं. दोन्हीकडलं. आत्ताच्या आत्ता!"

"सरळ केलं, की प्रत्येक जुन्या पत्राची खरी प्रत वाचणाऱ्याला जाते. विचार करा."

"इचार तिनं करायचा! दाब."

चूक प्रयोगशाळेचीच होती. डॉक्टरांनी कळ दाबली. चार वर्षांची एकशे बारा पत्रं सरळ व्हायला चार मिनिटं लागली. मग आक्कांच्या पाटीवर इर्मगार्डची खरी पत्रं उमटू लागली.

'तुमच्या गुळाचा वास घरभर दरवळतो. तुमच्या मुलीकडून मी पोळ्या शिकते आहे. माझ्याच हाताला वळण नाही.' आणि शेवटचं: 'शुक्रवारच्या विमानाची दोन तिकिटं काढली आहेत. वैजूला मी स्वतः पोचवते. बाळंतिणीला काय खायला घालतात ते मला शिकवाल ना?'

आक्कांनी ते दोनदा वाचलं. मग डॉक्टरांवरच उखडल्या. "हे असलं लिवत हुती तर मला शिव्या का दावल्या? मी मागितल्या हुत्या?"

डॉक्टरांनी जुन्या नोंदी उघडल्या. "सुरुवातीची गोड पत्रं तुम्ही अर्ध्यावर सोडलीत, आक्का. एकदा एक शब्द तिखट पडला. ते पत्र तुम्ही तीनदा वाचलंत, गुऱ्हाळावरच्या बायकांना वाचून दाखवलंत. नाडी वाढली, चेहरा फुलला. यंत्राला वाटलं, जमलं."

आक्कांनी पाटी टेबलावर ठेवली. मग एकदम उठल्या. "आगं बाई! आन् तिकडं? तिच्या पाटीवर?"

तिकडेही खरी पत्रं केव्हाच पोचली होती. उत्तर विसाव्या मिनिटाला आलं. सरळ यंत्रानं एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही: 'ज्या बाईनं माझ्या घरावर वीज पडो म्हटलं, तिच्या घरी माझ्या मुलाचं मूल जन्मणार नाही. वैजूनंही सगळं वाचलं आहे. ती रडते आहे. तिकिटं रद्द केली.'

"थांबीव तिला! जुनं यंत्र लाव तिच्याकडं. मी काय बी बोलते, त्याचं गोड करून धाड."

"होणार नाही, आक्का." डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. इर्मगार्डचा वाचकतोष कधी नव्हे इतका वर गेला होता. "त्यांनी आज तुमची एक शिवी सोडलेली नाही. पुन्हा पुन्हा वाचताहेत. जुनं यंत्र आता त्यांना तेच देईल. तुम्ही माफी मागितलीत, तर तिचीही शिवी करेल."

"म्हंजे ती माझ्यावानी झाली."

"हो."

"मग सरळ यंत्रातनं धाड. मीच बोलते." आक्कांनी पाटी ओढली. "विहीणबाई, तुमाला जर आधीच अक्कल..." त्या थांबल्या. "खोड ते."

पुन्हा सुरुवात केली. "आमच्यात तोंड फटकळ असतंया, त्यात एवढं रडायला काय..." पुन्हा थांबल्या. "हे बी खोड."

तिसऱ्यांदा तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. एका हाकेत चाळीस गडी उभे करणाऱ्या त्या तोंडाला पुढचा शब्द सापडेना. रागानं कपाळाची शीर तटतटली, पण हा राग कुणावर काढायचा तेही कळेना.

"बाई," शेवटी त्या दात आवळून म्हणाल्या, "चार वर्षं तुमचं यंत्र माझ्या नावानं तिच्याशी गोड बोललं न्हवं? ते काय काय बोललं, मला वाचून दाव."

"कशाला?"

"कशाला काय? शिकायला! आन् भराभरा वाचू नगंस."