चौथ्या वाफ्याला पूर

आमच्या मंगळावरच्या वस्तीत पाणी सांडणं हा गुन्हा आहे. प्रत्येक रोपाला नळीतून मोजून थेंब मिळतो. तरीही आमचे नऊच्या नऊ वाफे पिवळे पडत होते. पाणी आहे, खत आहे, मग गहू का मरतोय? पृथ्वीवरून धान्याचं यान यायला चौदा महिने होते आणि कोठारात धान्य उरलं होतं पाच महिन्यांचं. मोठी माणसं आम्हा मुलांना पाहिलं की बोलणं थांबवायची. मला फार भीती वाटायची.

माझे आजोबा मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) आहेत. एका दुपारी आबांनी वाफ्यातली चमचाभर माती पाण्यात कालवली, गाळली आणि ते पाणी तव्यावर आटवलं. तव्यावर पांढरा थर उरला.

"क्षार," आबा म्हणाले. "रोप पाणी पितं, पाण्यातले क्षार मातीतच राहतात. ते साचले की मुळांना पाणी ओढता येत नाही. पाण्यात उभी राहून तहानेनं मरतात रोपं बिचारी."

"मग शाळेत शिकलो त्या जुन्या इजिप्तमध्ये गहू कसा पिकायचा?" मी विचारलं. "तिथेही पाऊस नव्हताच!"

"नाईलमुळे. दर उन्हाळ्यात दूरच्या डोंगरांतल्या पावसानं तिला पूर यायचा."

"पूर तर वाईट ना?"

"तो आला नाही तर त्यांना धडकी भरायची, मृणाल. दगडी पायऱ्यांवर खुणा करून ते पाणी मोजायचे. कमी चढलं तर उपासमार, फार चढलं तर घरं जायची. बेताचं चढलं, की महिना-दीड महिना शेतात उभं राहायचं, माती धुऊन क्षार घेऊन जायचं आणि वर काळा गाळ (सुपीक माती) ठेवायचं. अख्खा देश त्या नदीच्या जिवावर जगला. आणि मी गाढव थेंब वाचवत बसलो! माती एकदाही धुतली नाही."

थेंबांची ही योजना आबांचीच होती. ते रडायला लागले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

प्यायचं आणि थेंबांचं पाणी सोडून एकच वाफा धुण्यापुरतं पाणी उरत होतं. खाली झिरपलेलं पाणी ऊर्ध्वपातन (उकळून वाफेचं पुन्हा पाणी) करून परत मिळणार, पण आमच्या यंत्रातून रोज दोनच बादल्या.

"वाफा तू निवड," आबा म्हणाले. "माझा माझ्यावर भरवसा नाही."

"चौथा. तो मेलाच आहे. बाकीच्यांत थोडे तरी दाणे भरतील."

वस्तीची परवानगी घेऊन आम्ही पाणी ओतलं तेव्हा सगळे बघायला जमले होते. पाणी ओसरल्यावर पेरणी केली. आठव्या दिवशी कोंब आले, अकरा. तोवर पाचवा वाफाही गेला होता.

"अकरा कोंबांवर शंभर माणसं जगत नाहीत, आबा."

"नाही जगत," आबा म्हणाले. "पण माती कशी वाचते ते आता ठाऊक झालंय."

मग पुढचं पाणी पाचव्या वाफ्याला द्यायचं म्हणून आम्ही दोघं त्यातला वाळलेला गहू उपटायला बसलो.