टपावरचे दोन टोले

त्या दिवशी हेस्टर प्लम्लीला करायचं होतं ते एवढंच: सिरिल ऑल्डक्रॉफ्टची रिकामी बोट आपल्या बोटीमागे बांधायची, नऊ मैल ओढत न्यायची आणि त्याच्या बहिणीच्या हवाली करायची. वाटेत दोन लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पाण्यात नेणारे दरवाजे, आणि एक बोगदा. धुकं होतं, पण मार्चात कालव्यावर धुकं नसतं तरच नवल. सकाळचे दहा वाजले होते आणि पाणी निवलेल्या चहासारखं पडून होतं.

हेस्टर ही त्या कालव्यावरची कोळसेवाली. तिच्या 'गोल्डफिंच' बोटीत कोळशाच्या गोणी, डिझेलची पिंपं आणि गॅसच्या टाक्या भरलेल्या असत, आणि काठाला बांधलेल्या, माणसं राहत असलेल्या साठेक बोटींच्या शेगड्या तिच्या जिवावर जळत. वय छप्पन्न. हाताच्या रेषांत कोळसा असा मुरलेला की एकदा जत्रेतल्या भविष्यवालीनं तिचा हात हातात घेतला आणि आधी साबण मागितला.

मागच्या बोटीचं सुकाणू धरायला बार्नी टक आला होता. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर लोकांना वेळेवर पोचवलं, आता आपल्याला कुठंच पोचायचं नाही, म्हणून त्यानं बोट घेतली होती.

"ताशी तीन मैल," दोर आवळता आवळता तो म्हणाला. "गेल्या साली याच वळणावर एका गोगलगायीनं मला मागं टाकलं. टाकलं तर टाकलं, वर वळून हात केला."

"गोगलगायीला हात नसतात, बार्नी."

"म्हणून तर लक्षात राहिलं."

हेस्टर हसली नाही. बार्नीनं तिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. सात मैल सायकल मारत गेलीस तू म्हाताऱ्यासाठी. दुसरं कोण गेलं असतं त्या थंडीत?"

"दोर नीट बांध," हेस्टर म्हणाली आणि इंजिन सुरू करायला निघून गेली. सात आठवडे हे वाक्य ती सगळ्यांकडून ऐकत होती. ऐकून ऐकून सवय होईल असं तिला वाटलं होतं. झाली नव्हती.

कालव्यावर थंडीच्या दिवसांत एक रीत आहे. कोणी कोणाच्या आयुष्यात डोकवायचं नाही, पण सकाळी शेजारच्या बोटीचं धुराडं मात्र बघायचं. धूर दिसला की समजायचं, माणूस उठलाय. नाही दिसला, तर टपावर दोन टोले मारायचे. आतून दोन टोले आले की आपल्या वाटेनं जायचं. नाही आले, तर दार उघडायचं. कोणी शिकवत नाही, कोणी विसरत नाही.

सिरिल ऐंशी पार केलेला, एकटा. त्याच्या 'पेशन्स' बोटीशेजारून जाताना हेस्टर लांब दांड्यानं टपावर दोनदा वाजवी. धूर असला तरी वाजवी, कारण म्हातारा त्याची वाट बघत असायचा. आतून शेगडीच्या सळईनं दोन टोले येत, आणि मागोमाग आवाज: "मेलो नाही अजून, कोळसेवाले. गोणी टाक आणि नीघ."

"काय घाई आहे, सिरिल? जागा मोकळी होतेय का म्हणून बघायला आले."

"माझ्या जागेला रांग आहे. तुझा नंबर चौथा."

जानेवारीतल्या त्या सकाळी 'पेशन्स'च्या धुराड्यातून धूर नव्हता. हेस्टरनं पाहिलं. नीट पाहिलं. पण दुपारी बारा वाजता पुढचं लॉक दुरुस्तीसाठी बंद व्हायचं होतं, ते थेट पाच आठवड्यांनी उघडणार होतं, आणि पलीकडे तीस बोटी कोळशाच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. पाण्यावर बर्फाची साय धरू लागली होती. थांबावं तर अर्धा तास मोडणार. झोपला असेल, ती मनाशी म्हणाली. दांडा तिच्या पायाशीच होता. तिनं तो उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी तिला राहवेना, म्हणून ती सायकल काढून निघाली. दार तिनंच उघडलं. सिरिल शेगडीजवळ जमिनीवर मरून पडलेला होता. खुब्याचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दीड-दोन दिवस जिवंत असावा. हातात सळई होती. पोलिस म्हणाले, बिचारा शेगडी पेटवायला धडपडत होता.

पण हेस्टरनं भिंतीचा खालचा भाग पाहिला होता. पडल्या पडल्या हात पोचेल तिथं रंगाचे टवके उडालेले होते. जोडीजोडीनं. दोन, मग थोडी जागा, मग दोन.

'गोल्डफिंच'चं इंजिन मैलभरावरून ओळखू येतं. त्यानं ते येताना ऐकलं असणार. तिनं प्रश्न विचारलाच नाही, आणि तो उत्तर देत राहिला. इंजिन जवळ आलं, शेजारी आलं, आणि मग दूर जाऊ लागलं. हे जगात हेस्टरशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. आज दुपारी त्याच्या बहिणीला भेटायचं होतं, आणि ती बहीण फोनवर म्हणाली होती, "तुमचे हात धरून आभार मानायचेत मला."

सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. नऊ मैलांत ठरवायचं होतं.

बोगदा लागला तेव्हा साडेअकरा झाले असतील. दीड मैल लांबीचा तो बोगदा, विटांचा, बोटीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडणारा. आत गेलं की धुक्याचा पांढरा उजेड मागे आक्रसत जातो, बांगडीएवढा होतो, टिकलीएवढा होतो आणि मिटतो. मग उरतो तो पुढच्या दिव्याचा पिवळा डाग, छतातून ठिबकणारं गार पाणी, ओल्या विटांचा वास, आणि स्वतःच्याच इंजिनाचा घुमून अंगावर येणारा आवाज. हेस्टर मागच्या टोकाला सुकाणू धरून उभी होती. तिच्या समोर, कमरेएवढ्या उंचीवर, तिच्या छोट्या खोलीचं पत्र्याचं टप होतं. पाठीशी दोन हातांवर 'पेशन्स'चं नाक. बार्नी तिथून साठ फूट मागे, काळोखात.

अर्धा बोगदा सरला असेल. टपावर दोन टोले पडले.

ठक. ठक.

वीट पडली असेल, तिला वाटलं. जुना बोगदा आहे, पडतात.

थोडा वेळ गेला.

ठक. ठक.

तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. टपावर ठेवलेला तिचा कप त्या टोल्यांनी किणकिणला. तिनं मागे वळून हाक मारली, "बार्नी… तू आहेस का?" आवाज इंजिनात विरून गेला. बोगद्यात त्या बोटीच्या कडेनं चालत पुढे येणं कोणालाच शक्य नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी तिनं हाक मारली.

आणि मग तिचं लक्ष आपल्या धुराड्याकडे गेलं. धूर नव्हता. सकाळपासून बहिणीला काय सांगायचं याच विचारात तिनं शेगडीत कोळसा घातला नव्हता. शेगडी विझली होती.

तेव्हा तिला कळलं. तो तिला काही म्हणत नव्हता. धूर दिसला नाही, म्हणून विचारत होता. रीतीप्रमाणे.

मानगुटीवर बसला असता, गळा धरला असता, तर तिनं सोसलं असतं. तेवढं देणं होतंच. पण हे असं विचारणं… दोन टोले, आणि मग उत्तरासाठी थांबणं. तिला त्या थांबण्यात कान देऊन कोणीतरी उभं असल्याचं स्पष्ट जाणवत होतं.

ठक… ठक. आता हळू. काळजीनं.

हेस्टरनं मूठ वळली. हात उचलायला तिला फार वेळ लागला. तिनं टपावर दोनदा मूठ आपटली.

"आहे," ती पुटपुटली. "मी आहे, सिरिल. मी… मला दिसलं होतं. धूर नाही ते दिसलं होतं मला."

पुन्हा टोले पडले नाहीत. फक्त पाणी ठिबकत राहिलं. आणि मागून, ओल्या विटांच्या वासातून, हळूहळू जळत्या कोळशाचा वास येऊ लागला.

बोगद्याबाहेर आल्यावर बार्नी खोकत खोकत उतरला. डोळे लाल झाले होते.

"त्याची शेगडी पेटवायची होती तर सांगायचं तरी," तो म्हणाला. "अर्धा बोगदा धूर खाल्लाय मी. धुराचा डबा भरून बहिणीला द्यायचा होता की काय?"

हेस्टर 'पेशन्स'मध्ये शिरली. बार्नी मागोमाग. शेगडीचं दार तिनं उघडलं. आत सात आठवड्यांची राख होती, ओलसर, दगडासारखी धरलेली. तिनं तिच्यावर तळवा ठेवला. गार.

बार्नीनंही हात लावून पाहिला. मग त्यानं टोपी काढली आणि पुढच्या दोन्ही लॉकवर तो एक अक्षर बोलला नाही. बार्नी टक दोन लॉक गप्प राहिला, यावर कालव्यावर आजही कोणी विश्वास ठेवत नाही.

बोटी विकायच्या धक्क्यावर सिरिलची बहीण म्युरिएल बाकावर बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन बस बदलून आलेली. मांडीवर पत्र्याचा डबा.

"हा केक तुमच्यासाठी," ती म्हणाली. "सुकामेवा घालून केलाय. त्याला आवडायचा. तुम्ही नसतात तर तो किती दिवस तसाच…"

"म्युरिएल," हेस्टर म्हणाली, "आधी ऐकून घ्या. मग द्यायचा तर द्या."

आणि तिनं सांगितलं. लॉक, बर्फ, धूर, पायाशी पडलेला दांडा. टवके सुद्धा. बोगदा तेवढा सांगितला नाही. सांगून झाल्यावर म्हातारी 'पेशन्स'कडे वळली.

"म्हणजे इंजिनाचा आवाज त्याला ऐकू गेला असेल."

"हो."

"आणि जातानाचाही."

"हो."

म्युरिएलनं डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. डबा पिशवीत घातला. उठताना तिला आधार लागत होता. हेस्टरनं हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"रविवारी फोन करायचा मला," ती म्हणाली. "तुझंच सांगायचा सगळं. कोळसेवाली असं म्हणाली, कोळसेवाली तसं म्हणाली. मला वाटायचं, बरं आहे, कोणीतरी आहे तिथं." फाटकाशी जाऊन ती थांबली, काही बोलणार असं वाटलं. पण तेवढ्यात बस आली.

'पेशन्स' मे महिन्यात विकली गेली. एका तरुण जोडप्यानं घेतली, निळा रंग दिला आणि दुसऱ्याच कालव्यावर नेली. हेस्टरला वाटलं, संपलं.

संपलं नाही. ऑक्टोबरात पहिलं दहिवर पडलं, आणि ज्या सकाळी तिला शेगडी पेटवायला उशीर झाला, त्या सकाळी टपावर दोन टोले पडले. ती अंथरुणातून उठली आणि सळईनं छताला दोन टोले दिले. मग तसंच होऊ लागलं. कधी कधी ती मुद्दाम उशिरा पेटवी. घाबरायची, पण वाट बघायची. वीस वर्षांत सकाळी तिची चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं. उत्तर देऊन झालं की ती थोडी रडे, मग काडी ओढी.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती पाणी भरायला काठावरच्या नळावर गेली होती. शेगडी पेटवलेली नव्हती. 'गोल्डफिंच'ला कुलूप होतं, किल्ली एप्रनच्या खिशात. धुक्यात बोट नुसती सावलीसारखी दिसत होती. बादली भरत असताना तिला टोले ऐकू आले. दोन. आपल्या टपावर.

"आले रे," ती म्हणाली आणि बादली तशीच टाकून निघाली. उत्तर मिळालं नाही तर त्याला काळजी लागेल, एवढंच तिच्या मनात होतं.

ती दहा पावलांवर असताना आतून उत्तर आलं.

दोन टोले. पहिला जरा जोरात, दुसरा हलका. अगदी ती स्वतः देते तसे.

हेस्टर जागच्या जागी उभी राहिली. टपाकडून पुन्हा काही वाजलं नाही. ज्यानं विचारलं होतं, त्याचं समाधान झालं होतं. तो आपल्या वाटेनं निघून गेला होता.

कुलूप तिनं तासाभरानं उघडलं. आत कोणी नव्हतं. सळई खुंटीवर होती.

दुपारी ती बार्नीच्या बोटीवर गेली. तो बटाटे सोलत होता.

"तुला एक काम सांगायचंय," ती म्हणाली. "रोज सकाळी माझ्या टपावर वाजवत जा."

"धूर असला तरी?"

"असला तरी."

"आणि उत्तर नाही आलं तर दार उघडायचं. माहीत आहे गं, मला काय नवीन…"

"नाही," हेस्टर म्हणाली. तिनं एप्रनच्या खिशातून दुसरी किल्ली काढली आणि त्याच्या सालींच्या ताटाशेजारी ठेवली. "उत्तर आलं, तरी उघडून बघत जा."