चाळीस नंबरचा फॉर्म

ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर चालणारा प्लग एकच. बाकीचे तीन नुसते भिंतीला शोभा. त्या एका प्लगशेजारची खुर्ची गेले दहा दिवस मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने अडवून ठेवली होती. वर्गातले सगळे तिला फूटपट्टी म्हणत. उंच होती म्हणून नव्हे. कुणी "पाच मिनिटांत येतो" म्हटलं, की ती खरोखर घड्याळ लावायची, म्हणून.

त्या सकाळी ती छापील फॉर्मांचा गठ्ठा सारखा करत बसली होती, तोच कुणीतरी धापा टाकत समोर येऊन उभं राहिलं.

"तो प्लग… दहा मिनिटं… प्लीज! दोन टक्के उरलंय!"

तिने वर पाहिलं. विस्कटलेले केस, एकाच पट्ट्यावर लोंबकळणारी सॅक, आणि आजारी पिल्लू धरावं तसा दोन्ही हातांत धरलेला फोन.

"देते," ती म्हणाली. "पण आधी हा फॉर्म भरा."

"कसला? रक्तदानाचा?"

"सोशल मीडियाचा वापर आणि विद्यार्थ्यांचे गुण. माझा प्रबंध आहे. अडतीस प्रश्न."

"अडतीस प्रश्नांत जीव जाईल हो याचा!"

"मग भराभर लिहा."

तो हसला. आधी डोळे हसले, तोंड मागाहून. फूटपट्टीने ते उगाचच टिपलं.

तो समोरच्या खुर्चीवर टेकला आणि लिहायला लागला. 'दिवसाला किती वेळ?' यापुढे त्याने ऐटीत लिहिलं – एक तास.

"फोनमध्येच नोंद असते. उघडून दाखवा."

"हे संशोधन आहे की पोलीस तपास?"

"दाखवा ना."

त्याने दाखवलं. सात तास बारा मिनिटं.

"फोन बिघडलाय बहुतेक," तो पुटपुटला.

"हो ना. माणसं कुठे बिघडतात!" तिने 'एक तास'वर काट मारली आणि खरा आकडा लिहिला.

पुढचा प्रश्न राहिलेल्या विषयांचा होता. तिथे मात्र त्याचं पेन थांबलं. "एक राहिलाय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच आवाजातली थट्टा गेली. "मी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. स्ट्रक्चर्सचा पेपर. दोनदा उडालो. आता तिसऱ्यांदा बसतोय… नाही सुटला तर वर्ष गेलं."

तिने आपल्या लॅपटॉपची पिन काढली आणि त्याचा फोन स्वतःच्या हाताने प्लगला लावला. पडद्यावर अर्धवट लिहिलेली एक पोस्ट उजळली, आणि वरचं नाव वाचून तिचा हात तिथेच थबकला. 'मागचा बाक'. विद्यापीठातल्या गमतीजमतींचं ते पान चाळीस हजार लोक वाचत. तीही वाचायची – तोंडावर हात दाबून, वर्गात, बसमध्ये, जेवताना.

"हे तुम्ही लिहिता?"

"कुणाला सांगू नका. ताईला माहीत नाही."

ती अर्थातच बोलली नाही की आपणही त्या चाळीस हजारांत आहोत. घसा साफ करून तिने कामाचं काढलं. परीक्षेपर्यंत पाच आठवडे रोज वहीत लिहायचं – फोन किती, अभ्यास किती. असे चाळीस जण हवे होते. एकोणचाळीस मिळाले होते.

"कमी करा असं मी कुणालाच सांगत नाही. फक्त लिहायचं. पण खरं."

"चाळिसावा मी. एका अटीवर! वहीचे फोटो पाठवणार नाही. दर गुरुवारी तुम्ही समोर बसून बघायची."

"का म्हणून?"

"फोटो पाठवायला फोन हातात घ्यावा लागेल ना," तो साळसूदपणे म्हणाला. "तुमचेच आकडे वाढतील."

तिला हसू आवरेना. चाळीस नंबरचा फॉर्म गठ्ठ्यात गेला.

पहिल्या गुरुवारी वर्कशॉपच्या मागच्या पायऱ्यांवर भेट झाली. वहीत रोजचे सात-सात तास होते आणि अभ्यासापुढे एकदा 'वीस मिनिटं', एकदा 'पुस्तक उघडलं होतं', असं. ते वाचताना तिचा चेहरा पडला. तो बघत होता.

"अहो, असं नका ना बघू."

"अहो-जाहो कशाला? मला उगाच प्राध्यापक झाल्यासारखं वाटतं."

"मग तू… असं म्हणू?"

"म्हण की," ती म्हणाली, आणि त्या एवढ्याशा 'तू'ने कानाच्या पाळ्या गरम का व्हाव्यात, ते तिच्या मानसशास्त्रालाही सांगता येईना.

दुसऱ्या गुरुवारी दोघांना वही उघडायची आठवण राहिली ती शेवटच्या पाच मिनिटांत. तिसऱ्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी आई – ती शाळेत गणित शिकवायची – टेबलावर पेपर तपासत होती. तपासता तपासता म्हणाली, "फोनमध्ये बघून कुणाशी हसतेस गं?"

"कुणाशी नाही. अभ्यासाचं आहे. माझा नमुना आहे तो."

"नमुना आहे ते दिसतंच आहे. मलाही पेपर तपासताना रोज नमुने सापडतात, पण मी अशी हसत नाही."

"आई!"

तिसऱ्या गुरुवारची वही मात्र बघत राहावी अशी होती. रोज दीड तास फोन, पाच तास अभ्यास. फूटपट्टीचा जीव सुपाएवढा झाला. मग तिचं बोट मंगळवारवर थांबलं.

"मंगळवारी दीड तास?"

"हो… साधारण."

"मंगळवारी तू अकरा पोस्टी टाकल्यास."

"तू मोजल्यास?"

"विषय बदलू नकोस! खोटं का लिहिलंस?"

तो पायरीवरचा खडा बुटाने इकडून तिकडे सरकवत राहिला. "पहिल्या आठवड्यात तुझा चेहरा कसा झाला होता… तो परत बघायचा नव्हता मला."

"माझा चेहरा खूश ठेवायला दिली नव्हती मी वही!" तिचा आवाज चढला. "असल्या आकड्यांवर मी काय निष्कर्ष काढू? आणि पेपरात काय लिहिणार आहेस? अकरा पोस्टींनी परीक्षक खूश होतात का?"

"ताईलाही असंच सांगितलंय," तो एकदम म्हणाला. "आई गेल्यापासून तीच बघते माझं सगळं. स्वतःचा दातांचा दवाखाना, त्यात मी. दुसऱ्यांदा नापास झालो ना, तेव्हा घरी जाऊन 'सुटला' म्हणालो. त्या रात्री पान सुरू केलं. कुणीतरी हसावं माझ्यामुळे… रडण्यापेक्षा बरं."

तिचा राग अर्धा ओसरला, पण अर्धा होताच. "तुझी ताई दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. तिला तुझ्या तोंडावरचं कळत नसेल?" एवढं बोलून ती उठली आणि मागे न बघता चालू लागली.

बसमध्ये तिने सवयीने फोन उघडला, सवयीने 'मागचा बाक' उघडलं – आणि स्वतःचीच चोरी पकडल्यासारखी थबकली. तिने स्वतःची नोंद काढली. रोज दोन तास पन्नास मिनिटं. जवळजवळ सगळी त्या एका पानावर! तिथलं सगळं वाचून संपवलं होतं तिने, आता दुसऱ्यांदा चाललं होतं. आणि सोमवारी द्यायच्या चौथ्या प्रकरणात लिहून झाल्या होत्या फक्त दोन ओळी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मोजायला निघालेल्या बाईच्या डोळ्यात हे एवढं मोठं मुसळ! तिला हसू आलं. मग हसता हसता ती एकदम थांबली, कारण दोन तास पन्नास मिनिटं ती विनोद वाचत नव्हती, हे तिला आता पुरतं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम तिच्या मार्गदर्शक.

"चाळीस नंबरचा फॉर्म काढायचाय मला."

"का? खोटी माहिती दिली?"

"दिली. पण त्यासाठी नाही, मॅडम. तो वहीत काय लिहितो यापेक्षा… तो गुरुवारी येतो की नाही, याकडेच माझं लक्ष असतं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "प्रबंधात हे असं लिहू नकोस हं. 'संशोधकाची तटस्थता राहिली नाही' असं लिही."

फॉर्म निघाला. त्याला मात्र आत्ता सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेल्या मुलाच्या डोक्यात आणखी एक गोंधळ कशाला घालायचा! तिने स्वतःच्या फोनमधून ते पानही काढून टाकलं आणि शनिवार-रविवार पाठ मोडेपर्यंत बसून चौथं प्रकरण लिहिलं.

चौथ्या गुरुवारी सकाळपासून पावसाची रिपरिप होती. पायऱ्या ओल्या, म्हणून ती वर्कशॉपच्या पत्र्याखाली उभी राहिली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. येणारच नाही तो… का यावं? आपणच तर तोडून बोललो. ती निघणार, तेवढ्यात तो चिखल उडवत आला. स्वतः निथळत होता, वही मात्र शर्टाच्या आत कोरडी.

"वाच."

फोन – पाच तास चाळीस. सहा. चार दहा. तीन पन्नास. एकही आकडा देखणा नव्हता, आणि तिला सगळेच आवडले.

"ताईला सांगितलं," तो म्हणाला. "हातात ड्रिल, समोर पेशंट आ वासून बसलेला, आणि मी सांगितलं."

"अगं आई गं! मग?"

"म्हणाली, 'मला वर्षभर माहितीय. तू कधी बोलतोस, त्याची वाट बघत होते.' पेशंटसुद्धा मान डोलावत होता." तो हसला, आणि मग गंभीर झाला. "पान बंद केलंय. परीक्षेपर्यंत बाक रिकामा, असं लिहून टाकलं. चाळीस हजार लोक विचारतायत, बाक मोडला का! पण माझ्या एकट्याच्या डोक्यात हे स्ट्रक्चर्स शिरत नाहीये गं. शिकवशील?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग काय करायचं?"

"तू मला शिकव. मला कळलं, तर समज तुलाही आलं."

तेव्हापासून दोघं रोज दुपारी ग्रंथालयात बसू लागले. दोन्ही फोन कोपऱ्यातल्या ग्रंथपालांच्या टेबलावर जमा. पहिल्या दिवशी त्याने दोन जाड पुस्तकं थोड्या अंतरावर ठेवली, वर तिची प्लॅस्टिकची फूटपट्टी आडवी टाकली आणि मधोमध बोट टेकवलं.

"ही तुळई. मधोमध भार आला की फूटपट्टी वाकते."

"फूटपट्टी वाकत नसते," ती ठसक्यात म्हणाली.

"नीट बघ ना…" तो हळूच म्हणाला. त्याची नजर पट्टीवर नव्हतीच. "थोडीशी वाकतेय."

"भार वाढवू नकोस मग. मोडेल."

"मोडू देणार नाही."

तिने वहीत डोकं खुपसलं. पण पट्टीच्या टोकाशी दोघांच्या करंगळ्या एकमेकींना टेकल्या होत्या, त्या कुणीच बाजूला घेतल्या नाहीत. त्या दुपारी तिला तुळईचं गणित एका दमात कळलं, आणि दोनदा नापास झालेल्या त्यालाही.

परीक्षा झाली. बाहेर येऊन तो फक्त "लिहिलंय… खरं खरं लिहिलंय" एवढंच म्हणाला. मग महिनाभर निकालाची वाट.

निकालाच्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर प्रबंधाची शेवटची पानं तपासत होती. विद्यापीठाचं संकेतस्थळ सकाळपासून अडकलं होतं. तिनेही चौदा वेळा उघडून पाहिलं, पण तो आकडा आता कुठल्या तक्त्यात भरायचा नव्हता. साडेबाराला जिन्यावर धाड धाड पावलं वाजली.

"चौपन्न!" तो दारातूनच ओरडला. "चौपन्न मिळाले! सुटलो! लिही, लिही तुझ्या तक्त्यात, चाळीस नंबरपुढे चौपन्न!"

ती उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"नाही लिहिता येणार."

"का?"

"तुझा फॉर्म मी काढून टाकलाय. दीड महिना झाला."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, शेवटचे सगळे आकडे खरे होते. शपथ घेऊन सांगतो…"

"माहितीय रे. नियम आहे तसा. ज्याच्याशी संशोधकाचा… म्हणजे… काही वैयक्तिक संबंध असेल, त्याला अभ्यासात धरता येत नाही."

"संबंध? पण आपला कुठे काही…"

"नाहीये?" तिने विचारलं.

ती बोटांनी टेबलाची कड घट्ट धरून उभी.

"आहे!" तो केवढ्यांदा तरी ओरडला.

सगळा मजला वळून बघायला लागला. कोपऱ्यातून ग्रंथपालांनी टेबलावर पेन आपटलं. तो तिच्या अगदी जवळ सरकला आणि कुजबुजला, "आहे. खूप आहे. मला वाटलं, तू मला फक्त नमुना समजतेस."

"आईही तेच म्हणते, नमुना आहेस म्हणून," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले.

"चल."

"कुठे?"

"ताई खाली उभी आहे. दवाखाना बंद करून आलीय निकाल ऐकायला. तिला आता दोन गोष्टी सांगायच्यात, आणि दुसरी मी एकटा सांगणार नाही."

"आत्ता? वेडा आहेस का? माझे केस बघ… आणि हे सगळं असं उघडं टाकून?"

त्याने नुसता हात पुढे केला. तिने प्रबंधाच्या पानांकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि तो हात धरला. जिन्यात चढणारी मुलं बाजूला होत होती, कुणी हसत होतं, कुणी बघत होतं. तिला कशाचीच शुद्ध नव्हती. तीन मजले होते, तरी जिना फार लवकर संपला असं तिला वाटलं.