सहा महिने फोन नको

त्या गुरुवारी फोनवर पाळी राघोची नसती, तर शालन नाखवा आपला अहवाल लिहून सुखानं मोकळी झाली असती.

१९९४ सालची गोष्ट. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर 'कानोसा' नावाची सेवा चालायची. दोन फोन, चार खुर्च्या. कुणीही फोन करावा, मनातलं बोलावं. मदत देणाऱ्या ट्रस्टला हे खरंच उपयोगाचं आहे का ते पाहायचं होतं, म्हणून त्यांनी शालनला नेमलं. चेंदणी कोळीवाड्यातली ही पोरगी तशी तिखट. टेंभी नाक्यावरच्या पीसीओतून तिनं खोटंच दुःख सांगायला फोन लावला — मोडलेला साखरपुडा.

"बोला... घाई नाही," पलीकडचा आवाज म्हणाला.

ना उपदेश, ना कोरडा धीर. मध्येच फक्त विचारलं, "दुपारचं जेवलात का?" ती जेवली नव्हती. तपासायला गेलेली बाई स्वतःच गडबडली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या गुरुवारी साखरपुड्याची गोष्ट संपली आणि तोंडून भलतंच निघालं — बाबा गेले, होडी विकली, घर तिनं सावरलं, पण वर्षभरात ती एकदाही रडली नव्हती. बाहेर लोक ताटकळत असताना ती बूथमध्ये पोटभर रडली. पलीकडचा माणूस गप्प होता, पण तो आहे हे तिला कळत होतं. अशी माणसं दिवा घेऊन शोधली तरी सापडत नाहीत.

मग ती तपासणीला प्रत्यक्ष गेली. सेवा चालवणाऱ्या मंजुळाबाईंनी ओळख करून दिली, "हे राघो म्हात्रे. डोंबिवलीला शाळेत गणित शिकवतात."

"पाणी घेणार?" त्यानं विचारलं, आणि शालनचे कान तापले. तोच आवाज. सावळा चेहरा, खिशाला शाईचा डाग... आणि नजर अशी, जणू तिचा आवाज कधी ऐकलाच नाही.

"गेल्या गुरुवारी कुणाचे फोन आलेले?" तिनं मुद्दाम विचारलं. "काय बोलले?"

"ते नाही सांगता येणार, मॅडम."

"मी तपासणीला आलेय. मदत बंद होऊ शकते तुमची."

"झाली तर झाली," तो हळूच म्हणाला. "त्यांनी ते मला सांगितलंय, ट्रस्टला नाही."

इथं शालन त्याच्यावर जीव जडवून बसली, उगाच कशाला लपवा?

"त्यातली एक मी होते," ती म्हणाली.

"माहितीये. जिन्यात मंजुळाबाईंशी बोलत होतात, तेव्हाच ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या आधी मी कसा बोलणार?"

मंजुळाबाईंनी चष्मा काढला. त्यांना दोघांचे चेहरे वाचता येत होते. "राघो, नियम ठाऊक आहे ना? मन मोकळं केलेल्या माणसाला शेवटच्या फोनपासून सहा महिने भेटायचं नाही. दुःखात माणूस मायेच्या पहिल्या आवाजाला भुलतो. मध्ये पुन्हा फोन आला, की सहा महिने पहिल्यापासून."

"पण माझे फोन खोटे होते..." शालन म्हणाली.

"तिसरा खरा होता," राघो म्हणाला. त्याला पळवाट घेता आली असती, पण त्यानं घेतली नाही. तिला त्याचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

अहवालात तिनं आपलं रडणंही लपवलं नाही. सेवा चालू राहिली. आणि मग सुरू झाले ते सहा महिने... दर गुरुवारी संध्याकाळी तिचा जीव पीसीओकडे ओढ घ्यायचा. एक फोन केला असता, तर आवाज मिळाला असता, माणूस मात्र लांब गेला असता.

ऑक्टोबरात सहा महिने भरले, तेव्हा टेंभी नाक्यावरच्या नवरात्राच्या गर्दीत, तपासणीच्या दिवशीच ठरवून ठेवलेल्या जागी तो तिच्याआधी येऊन उभा होता.

"दर गुरुवारी फोन वाजला, की वाटायचं तुम्ही नसाव्यात," तो म्हणाला. "आणि उचलताना वाटायचं... तुम्हीच असाव्यात."

"दोनदा नंबर फिरवलेला मी. शेवटचा आकडा सोडून."

"का सोडला?"

"आणखी सहा महिने तुझ्याशिवाय काढायचे नव्हते मला," शालन म्हणाली, आणि भर गर्दीत तिनं त्याचा हात धरला.