पलंगाखालचा तापलेला डबा

ही घटना खरी आहे.

ज्याच्यासोबत घडली तो कृष्णात आजही कोल्हापुरातच राहतो. त्याचं नाव सांगतोय, कारण त्यानंच सांगितलं, "नाव घालून सांगा. लपवून लई वर्षं झाली."

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलंय. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी गावात, २००२ सालच्या जून महिन्यात.

कृष्णातचं उद्यमनगरात दुकान होतं. बॅटरी चार्जर, स्टॅबिलायझर, असली दुरुस्ती. हातात कला होती, पण घाई फार.

गडमुडशिंगीचे बाबासोमामा त्याचं जुनं गिऱ्हाईक. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेतली आणि तिचं चक्क घर केलं. आत फळ्यांचा पलंग, स्टोव्हसाठी ओटा, छताला छोटा पंखा. तानाबाईमामींना सांची आणि बुद्धगया दाखवायची होती. छप्पन्न साली, बाबासाहेबांच्या दीक्षेच्या वेळी, बापाच्या खांद्यावर बसून मामींनी नागपूर बघितलं होतं. त्यानंतर त्या जिल्ह्याबाहेर पडल्याच नव्हत्या.

पलंगाखाली कन्व्हर्टरचा लोखंडी डबा होता. घरातल्या लायटीवर लावला की गाडीची बॅटरी भरायची आणि आतला दिवा-पंखा चालायचा.

मार्चमध्ये तो डबा तापायला लागला. दहा मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा.

कृष्णातनं उघडून बघितलं. डबा गार ठेवणारा आतला पंखा धुळीनं जाम झाला होता. डबा तापला की करंट तोडणारं एक छोटं बटण असतं, ते बिचारं आपलं काम करत होतं. पंखा बदलायला हवा होता.

पंखा त्याच्याकडं नव्हता. आणि त्याला दुपारच्या लग्नाला पेठ वडगावला पोचायचं होतं.

त्यानं ते बटणच काढून टाकलं.

त्या जागी निळ्या वायरचा तुकडा जोडला. दातानं सोलून, पीळ देऊन.

"झालं बघा मामी. आता बंद न्हाय पडायचं."

"तापंल का रं?" मामींनी विचारलं.

"न्हाय तापत. दोन दिसांत येतो, नवा पंखा बसवतो की."

तो गेला नाही.

नवव्या दिवशी मामा बाजाराला गेले होते. उन्हाचा तडाखा होता, म्हणून मामी गाडीतला पंखा लावून जरा आडव्या झाल्या.

डबा तापत गेला... तोडणारं काहीच नव्हतं. वरच्या फळ्या धुमसायला लागल्या. गाडी धुरानं भरली. सरकतं दार नेहमीच अडकायचं. त्या दिवशीही अडकलं.

शेजारच्या चिमणाबाईंना आवाज आला होता.

ठक... ठक... ठक...

त्यांना वाटलं, बाबासो काहीतरी दुरुस्त करतोय.

कृष्णातला कळलं तसा तो धावत आला. मामींना बाहेर काढून पडवीत ठेवलं होतं. "मी मेकॅनिक हाय, करंट बघतो," म्हणत तो गाडीत शिरला. कुणीच अडवलं नाही.

पोलीस यायच्या आत त्यानं ती वायर ओढून काढली. खिशात घातली. जाताना ओढ्यात फेकली.

कागदावर 'शॉर्टसर्किट' असं आलं.

मामा दिवसभर एकच म्हणत होते, "माझंच चुकलं. गाडीची वायरिंग मी केलती. मीच मारली तिला."

कृष्णात त्यांच्या शेजारीच बसला होता. मामांच्या पाठीवर हात ठेवून.

"असं बोलू नका मामा," एवढंच तो म्हणाला.

जूनमध्ये दुकानाच्या फोनवर मामांचा फोन आला.

"कृष्णा, त्यो डबा तापतोय रं. येऊन बघ की."

कृष्णातला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तरी गेला.

गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी होती. आत नव्या फळ्या टाकल्या होत्या. बॅटरी काढून बाहेर ठेवलेली. प्लग खिळ्याला टांगलेला. कुठूनही करंट यायला वाटच नव्हती.

कृष्णातनं डब्यावर हात ठेवला...

आणि ओरडून मागं घेतला. तळव्याला चटका बसला होता.

गाडीचा पत्रा मात्र गार होता.

त्यानं चार स्क्रू काढले. झाकण उचललं.

आत निळी वायर होती...

तोच पीळ. टोकाला त्याच्याच दातांच्या खुणा.

मामा दारात उभे होते. "काय झालंय?"

"काय न्हाय मामा. उन्हानं तापला असंल."

त्यानं वायर तोडून खिशात घातली आणि निघाला. या वेळी दुकानामागं जाळून टाकली.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा डबा तापलेला. पुन्हा वायर.

पुन्हा तो म्हणाला, "काय न्हाय मामा."

तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हाही तो गेला. दुपारचे दोन वाजले होते. एरवी त्या गल्लीत म्हशी ओरडायच्या, चिमणाबाईंचा रेडिओ चालू असायचा.

त्या दिवशी काहीच नव्हतं. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

तो पालथा पडून पलंगाखाली सरकला. स्क्रू फिरवायला लागला.

आणि वर...

फळ्या करकरल्या.

कुणीतरी कूस बदलली होती.

त्यानं दाराकडं बघितलं. मामांचे पाय बाहेर, उन्हात दिसत होते. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

वरची फळी हळूहळू खाली वाकली. बरोबर त्याच्या पाठीवर. कुणीतरी कडेला येऊन खाली डोकावून बघावं तशी...

ठक... ठक... ठक...

दार सताड उघडं होतं. आवाज दारावरूनच येत होता.

कृष्णात सरपटतच बाहेर आला. मामांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"मामा, वायरिंग तुमची न्हवती ओ. मी केलं. बटण मी काढलं. वायर मी जोडली, आणि पोलीस यायच्या आधी काढलीबी मीच."



मामा म्हणाले, "ठावं हाय मला."

कृष्णातनं वर बघितलं. "कुणी सांगितलं?"

मामांनी गाडीतल्या पलंगाकडं बघितलं.

"तिनंच. पण म्हणली, त्यो आपल्या तोंडानं सांगंपर्यंत तुम्ही बोलू नगा. नुसतं बोलवत ऱ्हावा."

"मग ती वायर... तुम्ही ठेवायचा?"

"कसली वायर?" मामा म्हणाले. "मी त्यो डबा अजून उघडलेला न्हाय."

कृष्णातला मान वर करता येईना. मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. मामांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"मी चौकीत जातो मामा. आत्ता जातो. सगळं लिहून देतो."

"जा," मामा शांतपणे म्हणाले. "तिनं आणिक एक सांगितलंय तुझ्यासाठी. पर ते चौकीतनं आल्यावर सांगायचं, म्हणली."

कृष्णात निघाला. चौकीच्या फाटकापर्यंत गेला. आत एक हवालदार टेबलाशी काहीतरी लिहीत बसला होता. त्यानं मान वर करून विचारलं, "काय पावणं, काय काम?"

"काय न्हाय," कृष्णात म्हणाला.

आणि घरी आला.

त्यानंतर मामांचा फोन कधी आला नाही. त्यालाही गडमुडशिंगीत पाऊल टाकायचं धाडस झालं नाही. २००९ साली मामा गेल्याचं त्याला तिसऱ्याच माणसाकडून समजलं. मातीलाही तो गेला नाही.

मामींनी आणखी काय सांगितलं होतं, ते आता सांगणारं कुणीच उरलेलं नाही.

तो आजही कधीकधी दुपारचा चौकीसमोरून जातो... आणि फाटक आलं की रस्ता ओलांडून पलीकडनं चालतो.