हत्ती दोन घरं मागे

बायको प्रमिला आणि मुलगी अवनी जूनमध्ये पुण्याला गेल्या, तेव्हा सूर्यकांतने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की नऊ महिने काय, बघता बघता जातील. दुबईतल्या एका कंपनीत तो ड्राफ्ट्समन. मार्चमध्ये करार संपला की कायमचं घरी. गणपतीत तो आठ दिवस जाऊनही आला. निघताना अवनीबरोबरचा बुद्धिबळाचा एक डाव अर्धवट राहिला. नऊ वर्षांच्या त्या पोरीने पट शोकेसवर तसाच ठेवला आणि बजावलं, कोणी हात लावायचा नाही. परत आल्यावर मात्र शुक्रवारची सुट्टी त्याला खायला उठली. एसी घुरघुरत राहायचा, आणि माणसाचा आवाज ऐकायला थेट शनिवारचं ऑफिस.

म्हणून तो ऊद मेथा भागातल्या बुद्धिबळाच्या खोलीत जाऊ लागला. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, चार टेबलं आणि शिकवायला सुरेन. नावावरून सूर्यकांतला वाटलं, बंगाली असणार. त्याने लगेच माशांचा विषय काढला. सुरेनने सगळं ऐकून घेतलं आणि आपण आर्मेनियाचे असल्याचं सांगितलं.

दोघांचं जमलं. अडायचं ते एकाच शब्दावर. आपला हत्ती कोपऱ्यात उभा असतो; सुरेनचा हत्ती म्हणजे आपला उंट. आणि कोपऱ्यातल्या हत्तीला तो बोट म्हणायचा, म्हणजे होडी. वाळवंटात येऊन उंटाला हत्ती म्हणणारा हा एवढाच, असं म्हणून सूर्यकांत पोट धरून हसला. पण बोलायला कुणीतरी मिळालं होतं, आणि त्याचं त्याला इतकं बरं वाटे की शुक्रवारी तो चक्क दाढी करून निघे. घरच्यांशी बोलताना मात्र यातलं काही कधी निघालं नाही. फोनची सात मिनिटं अवनीच्या शाळेत आणि प्रमिलाच्या गुडघेदुखीतच संपायची.

सुरेन आर्मेनियातल्या येरेवानच्या बुद्धिबळाच्या घराबद्दल बोलायचा. तीन कोनांची दगडी इमारत. मोठा सामना असला की बाहेर फलक लागे, त्यावर एकेक चाल दिसे, आणि ट्रॅमवाले, न्हावी, म्हाताऱ्या बाया, सगळे बर्फात उभे राहून भांडत. युद्धाच्या वर्षांत वीज नव्हती, तेव्हाही लोक ओव्हरकोट घालून तिथे मेणबत्तीपाशी खेळले. थंडी घरीही होतीच. तिथे निदान समोर कुणीतरी असे. सुरेनच्या गुरूंचा एक नियम होता. अर्धा डाव सोडायचा नाही, समोरचा एकटा बसून राहतो.

त्या गुरूंशी सुरेनचा पोस्टाने डाव चालू होता. एका कार्डावर एक चाल. भिंतीवर एक लाकडी फलक होता; त्याच्या खिळ्यांना पुठ्ठ्याचे मोहरे अडकवून तो डाव मांडलेला असे. पांढरे गुरूंचे, काळे सुरेनचे.

डिसेंबरात कार्डाऐवजी पत्र आलं. गुरू गेले होते. सुरेनने पत्राची घडी करून खिशात ठेवली. फलकावरचा डाव त्याने काढला नाही.

पुढच्या शुक्रवारी एक पांढरं प्यादं एक घर पुढे होतं.

सफाईवाल्या हमदुल्लाचा झाडू लागला असेल, असं सूर्यकांतला वाटलं. हमदुल्ला म्हणाला, "साब, मैं उस दीवार के पास जाता ही नहीं. उधर ठंड है." सूर्यकांतने हात नेऊन पाहिला. बोटं गार पडली. एसी समोरच्या भिंतीवर होता, आणि बंद होता.

चाल चांगली होती, एवढं त्याला कळत होतं. सुरेनने काळ्याची चाल लावली. मग दर शुक्रवारी तसंच होऊ लागलं.

फेब्रुवारीत सुरेनला येरेवानहून बोलावणं आलं. त्याच घरात मुलांना शिकवायचं होतं. फलक नेणार ना, एवढंच सूर्यकांतने विचारलं.

"नो, हबीबी. त्यांना आता इथली वाट सापडलीय." सुरेनने खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "ते घोडा मध्ये आणतील. मग हत्ती, दोन घरं मागे. पुढचं तू खेळ."

पुढच्या शुक्रवारी घोडा मध्ये होता. सूर्यकांतने काळा हत्ती दोन घरं मागे घेतला आणि खोलीला कुलूप लावलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी हत्ती पुन्हा आपल्या जुन्या घरात होता.

उंट दोन घरं मागे आला होता.

चूक सूर्यकांतचीच होती. लहानपणापासून हत्ती म्हणजे कोपऱ्यातला, हात सवयीने तिकडेच गेला. सुरेनचा हत्ती म्हणजे उंट, हे या खोलीत त्या दोघांनाच ठाऊक. आणि सुरेनला जाऊन बारा दिवस झाले होते.

पांढऱ्याने आपली चालही केली होती. फलकासमोरची खुर्ची थोडी मागे सरकलेली होती, बसलेल्या माणसाला पाय ठेवायला लागते तेवढी.

सूर्यकांत घाबरला. पण घाबरण्याआधी क्षणभर त्याला बरं वाटलं होतं, कुणीतरी आहे म्हणून. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

चालीला उत्तर न देता तो बाहेर पडला. किल्ली हमदुल्लाच्या हातात दिली, म्हणाला, "खलास." मार्च संपेपर्यंत थांबायचं नाही, सोमवारीच निघायचं. हे पहिल्यांदा अवनीला सांगायचं म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या बूथमधून पुण्याला फोन लावला.

तिनेच उचलला. बाबा कायमचा येतोय, हे ऐकून ती घर डोक्यावर घेईल असं त्याला वाटलं होतं.

"बाबा, अवर गेम," ती हळूच म्हणाली. "द एलिफंट हॅज मूव्ह्ड."

"आईने पुसताना हलवला असेल गं. कुठला, कोपऱ्यातला?"

"नो, बाबा. दॅट्स द बोट."