बुडत नव्हते, ऐकत होते

मी बुडत नव्हते. लासुर्ण्यातल्या आमच्या विहिरीत डोकं पाण्याखाली घालून, श्वास रोखून नुसती ऐकत होते. पण काठावरच्या माणसाला ते कसं कळावं? त्यानं बुटासकट उडी टाकली.

"जीव द्यायला हीच विहीर सापडली व्हय?" माझा दंड धरून तो धापा टाकत म्हणाला. डोळे मात्र... पार घाबरलेले. आवडले मला.

"आधी हात सोडा. तुमी कोण?"

"बिरदेव. दत्तोबांचा भाचा." शेजारी दत्तोबांच्या रानात बोअरचं मशीन सकाळपासून धडधडत होतं, ते बघायला तो आला होता. "आन् तुमी?"

"प्रतीक्षा. बारामतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. वर एवढं वाजतंय, तर पाण्यात माशांना कसं ऐकू येतं ते बघत होते."

तो हसला. इंजिनीअर होता. पुढच्या महिन्यात युरोपात चालला होता — समुद्रात पवनचक्क्या उभारायला. सत्त्याण्णव साली आमच्याकडं हे कुणी ऐकलंही नव्हतं. लोखंडी खांब तळात ठोकायचे, वर पाती फिरणार. ना धूर, ना कोळसा. सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

"आन् तितले डॉल्फिन?" मी विचारलं. "ते आवाजावरच वाट काढत्यात. आई-पिल्लू आवाजावरच एकमेकांना धरून असत्यात. खांब ठोकताना त्यांनी काय करायचं?"

"लांब जात असतील."

"बुडी मारा. मग बोला."

त्यानं बुडी मारली... आणि लगेच वर आला, दोन्ही कान दाबून. मग पायरीवर बसून कानांतलं पाणी झटकत राहिला. मला त्याची दया आली, आणि दुसरंही काहीतरी वाटलं.

बोअरचं काम दुसऱ्याच दिवशी संपलं, तरी तो महिनाभर बोअर बघायला येत राहिला.

निघायच्या दिवशी भिगवणच्या स्टँडवर मी म्हणाले, "तितं गेल्यावर विसराल."

"डॉल्फिनचं फोनवरच विचारलं तितल्या साहेबांना. हसले. म्हणाले, नक्की काय होतं ते अजून कुणालाच ठाऊक न्हाय, आधी ये तर खरं." तो बॅगेचा पट्टा ओढत राहिला. "रोज विचारणार. ठोकायच्या आधी त्यांना लांब जाऊ द्या, पिल्लांच्या दिवसांत थांबा..."

"कंटाळून काढून टाकतील."

"टाकू देत. माघारी यायला... कारण हाय मला."

"कसलं?" ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तुमी."

मी त्याच्या हातातली बॅग घेतली आणि त्याला एसटीत चढवलं. "काढायची वाट कशाला बघायची? पवनचक्क्याबी पायजेत, डॉल्फिनबी. तितंच ऱ्हाऊन विचारत ऱ्हावा. दिवाळीला रजा टाका, आन् आमच्या आबांनाबी एकदा विचारा."

एसटी हलली. तो खिडकीतून वाकला. "आबा न्हाय म्हणाले तर?"

"आबांचं आबांना ठाऊक," मी एसटीबरोबर चालत म्हणाले. "माझं व्हय हाय."